बाळाच्या मूत्रमार्गाची दुरुस्ती: सर्जनचा हात घडतो कसा, मोजतात कसा

लहान मुलाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरच्यांच्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला ते डॉक्टरांना सरळ विचारतात: “अशी ऑपरेशनं तुम्ही आजवर किती केलीत?” दुसरा वॉर्डाबाहेरच्या बाकावर आपसात विचारला जातो: “आपल्या लेकरावर शिकाऊ डॉक्टर तर हात बसवणार नाहीत ना?” मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही. किती केलीत या आकड्यावरून कौशल्य कळत नाही. आणि शिकणाऱ्याचा हात कुठल्याच मुलाला लागू दिला नाही, तर वीस वर्षांनी जन्मणाऱ्या मुलांना सर्जन मिळणार नाही. हा पेच सोडवण्यासाठी वैद्यकाने काय काय केले, ते क्रमाने पाहू.

१. दुरुस्ती कशाची?

लघवी मूत्रपिंडात तयार होते, मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते आणि मूत्रमार्गातून बाहेर पडते. बाळ गर्भात घडत असताना ही वाट कधी कुठे अपुरी राहते, कधी अरुंद होते, तर क्वचित उघडीच राहते. ती पुन्हा बांधून देणे म्हणजे पुनर्रचना. तीन दोष समजले की पुढचे सारे कळायला पुरे.

पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे हायपोस्पेडियास. यात मुलाच्या लघवीचे छिद्र शिश्नाच्या टोकाला नसून खालच्या बाजूला असते; कधी टोकाजवळ, कधी मध्यावर, कधी पार अंडकोषाच्या पिशवीपाशी. बरेचदा शिश्न खाली वाकलेलेही असते. साधारण दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो.

दुसरा दोष मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी जिथे निघते तिथला. ती जागा अरुंद असली की लघवी तुंबते आणि मूत्रपिंड फुगते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हा फुगवटा आता जन्माआधीच दिसतो. अशी सगळीच मुले टेबलावर घ्यावी लागत नाहीत. बऱ्याच जणांत नुसते लक्ष ठेवून भागते. शस्त्रक्रिया लागलीच तर अरुंद तुकडा कापून काढून मूत्रवाहिनी मूत्रपिंडाच्या पिशवीला नव्याने जोडतात. अँडरसन आणि हाइन्स या सर्जनांनी १९४९ मध्ये मांडलेली ही रीत आजही मुख्य आहे. तिला पायलोप्लास्टी म्हणतात.

तिसरा दोष फार विरळा, पण सर्वांत कठीण. मूत्राशय पोटाच्या आत बंद पिशवीसारखे न घडता ओटीपोटावर उघडे राहते आणि पुढची कमरेची हाडेही एकमेकांपासून दूर असतात. याला ब्लॅडर एक्सट्रॉफी म्हणतात. तीस ते पन्नास हजार जन्मांमागे असे एखादे बाळ जन्मते.

या कामात हाताची कसोटी कुठे लागते ते हायपोस्पेडियासच्या उदाहरणावरून नीट कळते. पायजम्याचा नेफा शिवताना कापडाची कड दुमडून लांबोळी नळी करतात आणि तीतून नाडी ओवतात. कापड अरुंद असेल तर नेफा आवळतो आणि नाडी अडते. शिवण कुठे उसवली तर नाडी मधूनच बाहेर येते. हायपोस्पेडियासमध्ये छिद्रापासून टोकापर्यंत मूत्रमार्गाच्या अस्तराची एक पट्टी असते, तिला नळीचा आकार द्यायचा असतो. पट्टी अरुंद असली तर १९९४ मध्ये वॉरन स्नॉडग्रास या अमेरिकन सर्जनने सुचवलेली युक्ती वापरतात: पट्टीला मधोमध उभा छेद द्यायचा, म्हणजे ती रुंदावते, मग कडा जुळवून नळी शिवायची आणि छेदाची जागा आपोआप भरून येऊ द्यायची. पट्टी फारच अपुरी असेल तर शिश्नाच्या टोकावरची सैल कातडी बांधकामाला घेतात. आग्र्याचे डॉ. आसोपा यांनी १९७१ मध्ये याच कातडीची नळी करून एका टप्प्यात दुरुस्ती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. म्हणूनच हा दोष असलेल्या मुलाची सुंता आधी करू नये, असे डॉक्टर बजावतात.

शिंपी पुन्हा उसवून शिवू शकतो; इथे ऊतक जिवंत आहे. ते चिमट्याने जोरात दाबले, टाका ओढून बांधला, की त्या ठिकाणचा रक्तपुरवठा जातो आणि शिवण आतून कुजते. वर्षभराच्या बाळात दोन ते पावणेतीन मिलिमीटर जाडीच्या रबरी नळीभोवती हे शिवायचे असते, ०.०७ मिलिमीटरपेक्षाही बारीक धाग्याने, डोळ्यांवर भिंग लावून. सहा ते अठरा महिन्यांचे वय यासाठी सोयीचे मानतात. शिवण गळकी झाली तर लघवी मधूनच पाझरते, याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. टोक आवळले तर धार अडते. दुरुस्तीची दुरुस्ती करायची झाल्यास किमान सहा महिने थांबावे लागते आणि तोवर चांगली कातडी संपलेली असते. पहिल्या संधीलाच काम नीट होणे इथे इतर बऱ्याच शस्त्रक्रियांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

२. एका जिल्ह्याचे गणित

शिकायचे तर रुग्ण हवेत. ते किती असतात याचा ढोबळ हिशेब अमरावती जिल्ह्यासाठी करून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर वर्षाला ४३ हजारांच्या जवळपास बाळे जन्मतात. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे २२ हजार मुलगे. तीनशेत एक या प्रमाणाने हायपोस्पेडियासची सत्तरेक मुले निघतील, त्यांतली बहुतेक सौम्य प्रकारची. मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडथळा दीड हजारात एकाला धरला तर तीसेक बाळे. आणि उघड्या मूत्राशयाचे बाळ? पूर्ण जिल्ह्यात वर्षाला एक, किंवा तेही नाही.

ही मुलेही एका दारात येत नाहीत. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी असलेल्या कौंडण्यपूरचे उदाहरण घेऊ. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तिथल्या एखाद्या घरात असा मुलगा जन्मला तर त्याचा रस्ता कसा फुटतो हे इथे पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. दोष लक्षात आला की मूल जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलीत इर्विनला, पाठवले जाते. तिथून अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सगळे ‘सुपर’ म्हणतात. काही कुटुंबे नदी ओलांडून वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम किंवा सावंगीला जातात, काही नागपूरला, काही थेट मुंबईच्या वाडिया रुग्णालयात. पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. गरीब कुटुंबांसाठीची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

रुग्णाच्या दृष्टीने इतके पर्याय असणे चांगले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सत्तर मुले पाच-सहा ठिकाणी वाटली गेली, की एका सर्जनच्या वाट्याला महिन्याला एखादे मूल येते आणि त्यातही कठीण प्रकारचे वर्षातून एक-दोन. भारतात बालशल्यविशारद व्हायचे तर सर्वसाधारण शल्यचिकित्सेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एम.सीएच. अभ्यासक्रम करतात. त्या तीन वर्षांत हर्नियापासून अन्ननलिकेच्या दोषांपर्यंत सगळे शिकायचे असते. मूत्रमार्गाची पुनर्रचना त्यातला एक कोपरा. काही जण मूत्ररोगशास्त्रातून या वाटेला येतात. त्यांना मूत्रमार्ग पक्का माहीत असतो, पण बाळे कमी पाहिलेली असतात. रुग्णसंख्या अशी तोकडी असल्यामुळेच सरावाचा मोठा भाग मुलांच्या शरीराबाहेर उरकून घ्यावा लागतो.

३. कोहळ्यापासून कोंबडीपर्यंत

शरीराबाहेर सराव करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय या एकाच विषयाला दिलेला आहे. कापणे शिकायचे ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदणे पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर आणि जनावराच्या मूत्राशयावर. शीर उघडणे मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. शिवणे कापडाच्या कडांवर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधणे माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. नळी घालण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घड्याच्या बाजूच्या छिद्रात आणि भोपळ्याच्या तोंडात करायचा. या यादीचे वैशिष्ट्य तिच्या वर्गवारीत आहे. शस्त्रक्रिया ही एक क्रिया न मानता तिचे कापणे, भेदणे, शोधणे, काढणे, शिवणे असे सुटे घटक केले आणि प्रत्येकाला त्याच्या स्पर्शाशी जुळणारी वस्तू नेमली. आजच्या प्रशिक्षण प्रयोगशाळा हेच तत्त्व वापरतात.

मधल्या काळात हे कसब घराण्यांत गेले. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडून त्याचे नाक कापले. पुण्याजवळ एका कारागिराने, जो वीटभट्टीचे काम करणाऱ्या जातीतला होता असे त्या वेळच्या वर्णनात म्हटले आहे, त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले. आधी मेणाचे नाक करून, ते कपाळावर सपाट पसरून माप घेतले होते. कातडीचा तुकडा पूर्ण सुटा न करता एका टोकाला जोडलेला ठेवला, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा टिकला. शिश्नाच्या टोकाची कातडी वळवून मूत्रमार्ग बांधतानाही हेच तत्त्व पाळतात. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने ही रीत आधी मृतदेहांवर अनेकदा करून पाहिली आणि जिवंत माणसावर पहिल्यांदा केली ती १८१४ मध्ये. पुण्याचा कारागीर बापाच्या हाताकडे पाहून शिकला असणार. कार्प्यूला तो मार्ग नव्हता, म्हणून त्याने मृतदेहांचा आधार घेतला. गुरू जवळ नसेल तर सराव कशावर करायचा, हा प्रश्न तेव्हापासून तोच आहे.

आज मूत्रवाहिनी जोडण्याच्या सरावासाठी एक स्वस्त साधन भारतातच तयार झाले आहे. दुर्बिणीतून पायलोप्लास्टी करणे फार अवघड, कारण हात पोटाबाहेर, नजर पडद्यावर आणि लांब दांड्याच्या चिमट्यांनी आतल्या आत गाठी मारायच्या. गुजरातेतील नडियादच्या मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयातील डॉक्टरांनी २००८ मध्ये कोंबडीच्या गळ्याजवळची अन्नपिशवी आणि तिला जोडलेली अन्ननलिका यांचा सरावासाठी उपयोग सुचवला. फुगीर पिशवी म्हणजे मूत्रपिंडाची तुंबलेली पिशवी, बारीक नळी म्हणजे मूत्रवाहिनी. खाटकाच्या दुकानातून फुकट मिळणारा हा भाग पेटीत ठेवायचा, झाकणाच्या भोकांतून दुर्बीण आणि चिमटे घालायचे आणि जोड शिवायचा. मग पिशवीत पाणी भरून शिवण गळते का ते पाहायचे. हायपोस्पेडियाससाठी कोंबडीची कातडी आणि सिलिकॉनचे साचे वापरतात.

या साधनांची एक मर्यादा आहे. कोंबडीच्या कातडीतून रक्त वाहत नाही. ऊतक किती दाबले म्हणजे मरते, हे ती सांगू शकत नाही. ते कळायला जिवंत ऊतकच लागते. पेटीतल्या सरावाने हाताला वळण लागते, गाठ पक्की बसते, वेळ कमी लागतो. निर्णय मात्र टेबलावरच शिकावा लागतो.

४. शिकाऊ हात टेबलावर कधी येतो?

बाकावर विचारल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ पासून जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निवासी डॉक्टरांची जी पद्धत बसवली, तिच्यात जबाबदारी वर्षागणिक वाढत जाई. पुढे त्यावरून “एकदा बघा, एकदा करा, एकदा शिकवा” असे सुलभ सूत्र रूढ झाले. वर्षातून दोनदाच दिसणाऱ्या दोषासाठी हे सूत्र धोक्याचे आहे, कारण बघणे आणि करणे यांत सहा महिने जातात.

आता अनेक ठिकाणी शिक्षकाने दिलेल्या मदतीवरून शिकणाऱ्याची पायरी ठरवतात. पहिल्या पायरीवर शिक्षक स्वतः करतो आणि प्रत्येक गोष्ट बोलून दाखवतो. दुसरीवर शिकणारा करतो, पण शिक्षक समोरून ऊतक असे धरतो की चुकीच्या जागी सुई जाऊच नये. म्हणजे मदतनीसच खरा सारथी. तिसरीवर शिक्षक सांगितले तेवढेच धरतो आणि पुढचे पाऊल काय ते शिकणाऱ्याला ठरवावे लागते. चौथीवर तो नुसता पाहतो आणि गरज पडली तरच हात घालतो. एकाच शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी पायरी लागू शकते: बाहेरची कातडी शिवण्यात चौथी आणि मूत्रमार्गाची नळी शिवण्यात दुसरी. शिकवणाऱ्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरचा हात लागतो तो असा, तुकड्यातुकड्याने. “माझ्या मुलाच्या ऑपरेशनचा मुख्य भाग कोण करणार आणि त्या वेळी मोठे डॉक्टर हात धुऊन समोर उभे असणार का?” हा प्रश्न “शिकाऊ आहे का?” यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे आणि तो विचारण्यात काही गैर नाही.

५. हाताला गुण कसे देतात?

पूर्वी शिष्याचा हात तयार झाला की नाही, हे गुरूच्या मतावर ठरे. गुरू चांगला असला तरी मताला आवडनिवड चिकटतेच. १९९० च्या दशकात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात रिचर्ड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पत्रक तयार केले. त्यात दोन भाग होते. पहिला भाग हो-नाहीच्या यादीचा: सुई योग्य जागी धरली का, गाठ चौकोनी बसली का. दुसऱ्या भागात सात गोष्टींना प्रत्येकी पाचपैकी गुण: ऊतकाशी मृदू वागणूक, वेळ आणि हालचालीची काटकसर, हत्यारांवरचा ताबा, हत्यारांची माहिती, मदतनिसांचा उपयोग, कामाचा ओघ आणि पुढचा विचार, त्या शस्त्रक्रियेचे ज्ञान. एकूण पस्तीस.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे हो-नाहीच्या यादीपेक्षा सात मुद्द्यांची ढोबळ मोजणी नवख्याला आणि जाणत्याला जास्त चांगले ओळखते. यादीत नवखाही पूर्ण गुण मिळवू शकतो, कारण त्याने प्रत्येक पायरी पाठ केलेली असते. पण जाणता सर्जन सुई घालण्याआधी पुढचा टाका कुठे बसणार ते ठरवून असतो. त्याच्या हालचाली कमी असतात आणि घाई दिसत नाही. हे यादीत मावत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याला मात्र दिसते. हायपोस्पेडियाससाठी या सातांतला पहिला मुद्दा, ऊतकाशी मृदू वागणूक, सर्वांत भारी समजायला हवा. वेगाला तिथे फार किंमत नाही.

डोळा कुणाचा, हा पुढचा प्रश्न. शिक्षक ओळखीच्या शिष्याला गुण देतो, म्हणून आता हातांचीच चित्रफीत काढून, नाव झाकून, अनोळखी परीक्षकांना पाठवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी अशा चित्रफिती दिल्या आणि दुसऱ्या सर्जनांनी त्यांना गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या चौथ्या हिश्शातल्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के होती. सर्वांत वरच्या हिश्शात ५.२ टक्के. एका चित्रफितीवरून इतका फरक कळला. हाताचे कौशल्य मोजता येते आणि रुग्णाच्या नशिबाशी त्याचा संबंध असतो, हे यावरून ठळकपणे दिसले.

सिएटलमध्ये थॉमस लेंडवे या बालमूत्रशल्यविशारदाच्या गटाने आणखी पुढचे करून पाहिले. टाके घालण्याची चित्रफीत त्यांनी वैद्यकाशी संबंध नसलेल्या शेकडो सामान्य लोकांना इंटरनेटवर दाखवली. पाचशेहून जास्त जणांचे गुण एका दिवसात आले, तज्ज्ञांना त्याच कामाला तीनेक आठवडे लागले, आणि दोघांची सरासरी जवळपास जुळली. हाताची सफाई ओळखायला पदवी लागत नाही, इतके यातून घेता येते. त्या मुलाची पट्टी पुरेशी रुंद आहे की दोन टप्प्यांत काम करावे लागेल, हा निर्णय बरोबर होता का, हे मात्र गर्दीला सांगता येणार नाही. चित्रफितीत हात दिसतात. काय करायचे नाही असे सर्जनने मनात ठरवले ते दिसत नाही.

६. निकालाचे फसवे टक्के

मग सरळ निकालच मोजावेत. किती मुलांना गळती झाली, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले. हे वाटते तितके सोपे नाही.

समजा, एका सर्जनने २० मुले केली आणि दोघांना गळती झाली. म्हणजे १० टक्के. तिसऱ्या एका मुलाला गळती झाली असती तर १५ टक्के झाले असते. एका मुलाने पाच टक्क्यांचा फरक पडला. वीसात दोन या निकालावरून त्या सर्जनचे खरे प्रमाण सांख्यिकीच्या नियमाने एक टक्क्यापासून बत्तीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे तो उत्तम आहे की सुमार, हे वीस मुलांवरून सांगता येत नाही. शिवाय ती मुले कोणती? एकाने टोकाजवळच्या सौम्य दोषाची वीस केली आणि दुसऱ्याने अंडकोषापाशी छिद्र असलेली वीस, तर दुसऱ्याचा आकडा वाईट येणारच. कठीण मुले घेणाऱ्याला शिक्षा होईल अशी मोजणी सुरू केली, तर सर्जन कठीण मुलांना हात लावणार नाहीत.

यावर एक साधा उपाय आहे, तो मुलामुलागणिक हिशेब लिहिण्याचा. समजा, सौम्य दोषात दहा टक्के गळती मान्य धरली. प्रत्येक चांगल्या निकालाला ०.१ वजा करायचे, प्रत्येक गळतीला ०.९ मिळवायचे. वीस मुलांत दोन गळत्या झाल्या तर अठरा वेळा ०.१ वजा म्हणजे १.८, दोनदा ०.९ म्हणजे १.८, बेरीज शून्य, काम अपेक्षेप्रमाणे. चार गळत्या झाल्या तर ३.६ मधून १.६ गेले, उरले २. आलेखाची रेषा वर चढू लागली की शिक्षकाने थांबून पाहावे: टाका घट्ट बसतोय का, मदत कमी पडतेय का. नवख्याची रेषा आधी चढते आणि मग सपाट होते, तो सपाटपणा म्हणजे हात बसल्याची खूण. कठीण दोषासाठी मान्य टक्का वेगळा धरायचा. वर्षाखेरची टक्केवारी येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा हे फार बरे. पाचव्या-सहाव्या मुलालाच इशारा मिळतो.

७. रुग्ण एकत्र आणण्याचा अहमदाबादचा प्रयत्न

उघड्या मूत्राशयाच्या दोषात या कशाचाच उपयोग होत नाही, कारण जिल्ह्याला वर्षाकाठी एखादेच मूल. अमेरिकेतल्या नावाजलेल्या केंद्रांनाही हीच अडचण होती. २००९ पासून अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दरवर्षी हिवाळ्यात एक कार्यशाळा भरू लागली. निरनिराळ्या राज्यांतली या दोषाची मुले तिथे एकत्र बोलावली जातात. अमेरिकेतले सर्जन येतात आणि स्थानिक पथकाबरोबर शस्त्रक्रिया करतात. एकेक शस्त्रक्रिया अनेक तास चालते, हाडे जुळवावी लागतात, नंतर मुलाला आठवडेच्या आठवडे न हलता ठेवावे लागते. आठवड्याभरात जितकी मुले तिथे होतात, तितकी एखाद्या सर्जनला एरवी कित्येक वर्षांतही मिळाली नसती.

पाहुण्या डॉक्टरांची शिबिरे आपल्याकडे पुष्कळ होतात. किती शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा बॅनरवर झळकतो. किती मुले वर्षभराने पुन्हा तपासली, हा आकडा क्वचितच दिसतो. अहमदाबादच्या कार्यशाळेचे वेगळेपण इथे आहे: आधीच्या वर्षांची मुले पुढच्या वर्षी परत बोलावून सर्वांसमोर तपासली जातात, चुकले काय त्याची चर्चा होते, आणि मधल्या काळात स्थानिक पथक स्वतः अशी मुले हाताळते. शिकण्याचा फायदा पाहुण्यांनाही तितकाच झाला. या कामाचा लेखाजोखा २०१८ मध्ये ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

८. मुलगा मोठा होईपर्यंत

शस्त्रक्रियेनंतर सातेक दिवसांनी नळी निघते, जखम कोरडी दिसते, घरचे समाधानाने जातात. मोजणी खरी तिथून सुरू होते. काही गळत्या पहिल्या महिन्यांत दिसतात. टोक आवळणे वर्षांनी लक्षात येते. शिश्नाचा वाक तर पौगंडावस्थेत वाढ होताना पुन्हा दिसू शकतो.

यासाठी २००१ मध्ये एक सोपे गुणपत्रक आले. पाच गोष्टी पाहायच्या: छिद्र कुठे आहे, त्याचा आकार उभट आहे की गोल, धार एक आहे की फुटते, ताठरतेत शिश्न सरळ राहते का, गळती आहे का. एकूण सोळा गुण, चौदा किंवा जास्त आले तर निकाल चांगला. हे भरायला यंत्र लागत नाही, डॉक्टरही मोठा असावा लागत नाही. ताठरतेचा मुद्दा आईकडून कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रशिक्षित कर्मचारी हे भरू शकेल. धारेचा वेग यंत्राने मोजायचा असेल तर मुलाने एका भांड्यात लघवी करायची, यंत्र आलेख काढते. यासाठी मूल तीन-चार वर्षांचे, सांगितलेले ऐकणारे असावे लागते.

पुढे नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत फोटो काढून, ते, ती शस्त्रक्रिया स्वतः न केलेल्या परीक्षकांना ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहायला देतात. याची गरज का पडली, ते त्याच देशात १९९० च्या दशकात दिसले होते. शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या मुलांना आणि पुरुषांना त्यांच्या शरीराबद्दल विचारले आणि सर्जनांनाही तोच प्रश्न विचारला. सर्जन जास्त समाधानी होते, रुग्ण कमी, आणि दोघांच्या मतांत फारसा मेळ नव्हता. ज्याने शिवले त्याला आपली शिवण चांगली दिसते. म्हणून आता मुलगा जाणता झाल्यावर त्यालाच विचारण्याची प्रश्नपत्रिका वापरतात: छिद्राची जागा, टोकाचा आकार, कातडीचे रूप, एकूण दिसणे.

बाळपणी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची ही प्रश्नपत्रिका भरायला पंधरा-सोळा वर्षे थांबावे लागते. तोवर कुटुंब गाव बदलते, फोन नंबर बदलतो, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बदली होऊन जातो. खेड्यापाड्यांत अडचण आणखी एक: हा विषय घरात बोलला जात नाही, मुलगा बरा झाला की कागदपत्रे पेटीच्या तळाशी जातात आणि कित्येकदा मोठ्या झालेल्या मुलाला आपली शस्त्रक्रिया झाली होती हेच ठाऊक नसते. सुटीचे कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि आधीचे फोटो जपून ठेवणे आणि दहाव्या-बाराव्या वर्षी एकदा आणि पौगंडावस्था सरल्यावर पुन्हा एकदा दाखवून आणणे, इतके पालकांच्या हाती असते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत दरवर्षी येतात आणि हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तपासणी पत्रकात जुन्या शस्त्रक्रियेची एक ओळ वाढवली, तर ही मुले त्याच पथकांना पुन्हा सापडू शकतील आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला आपल्या हाताचे खरे गुण कळतील.